वावरातल्या मोटरघरासाठी छोट्या कॉम्प्युटरचं कर्नल कॉन्फिगर करताना

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घेतला, कार्डावर सिस्टिम लिहिली, चालू झाला, मग कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, हात कायले लावायचा, असं बरीच पोरं विचारतात. प्रश्न बरोबरच आहे. घरात टेबलावर, पंख्याखाली, वायफायवर चालवायचा असेल तर खरंच हात लावू नका, कंपनीचं तयार कर्नल उत्तम असतं. पण हाच बोर्ड वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या वावरात, मोटरघरात, टिनाच्या खाली ठेवायचा म्हटला की गोष्ट बदलते. लाइन कधी दिवसा कधी रात्री, मे महिन्यात बाहेर ४५ आणि टिनाखाली त्याहून जास्त, नेट आलं तर आलं, आणि मशीन अडकली तर बटण दाबायला तिथं कोणी नाही. तयार कर्नल सगळ्यांसाठी बनवलेलं असतं, त्यामुळं आपल्यासारख्या जागेसाठी लागणारे चार-सहा निर्णय त्यात घेतलेले नसतात, ते आपल्याला घ्यावे लागतात. एवढ्यासाठीच हा उपद्व्याप.

बूट दोन सेकंदांनी फास्ट होईल, रॅम वाचेल, असं डोक्यात असेल तर आधीच सांगतो, फार काही हाती लागत नाही. मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हाच लोड होणारा वेगळा तुकडा म्हणून, ठेवलेला ड्रायव्हर लोड झाला नाही तर रॅम खातच नाही, फक्त कार्डावर पडून राहतो. म्हणून चारशे ऑप्शन काढून टाकले याची फुशारकी मारण्यात मजा नाही. कोणता ऑप्शन कर्नलच्या पोटातच पाहिजे हे ओळखण्यात खरं काम आहे.

इथं उदाहरण पाय ३ मॉडेल बी चं घेतो, कारण जुना म्हणून कोणाकडे ना कोणाकडे पडलेला असतोच. २०१६ चा बोर्ड, १ जीबी रॅम, चार कोर, १.२ गिगाहर्ट्झ, चार यूएसबी, आपल्या कामाला बम झाला. वरती ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस. आणि एक, कमांड मी इथं उच्चारानं लिहितोय, टर्मिनलात अर्थातच रोमन अक्षरात, स्मॉल-कॅपिटल सांभाळून टाकायच्या.

आधी कागदावर यादी

कर्नलच्या कॉन्फिगरेशनचा मेनू उघडायच्या आधी मोटरघरात काय काय जोडणार ते लिहून काढा. माझ्या डोळ्यासमोर असं आहे: जमिनीचं आणि खोलीचं तापमान बघायला दोन-तीन डीएस१८बी२० सेन्सर, वेळ ठेवायला डीएस३२३१ चं घड्याळ, नेटसाठी यूएसबीचा ४जी डोंगल, मोटर चालू आहे का बंद हे कळायला ऑप्टोकपलरमधून, म्हणजे दोन सर्किट वेगळी ठेवून सिग्नल नेणाऱ्या पार्टमधून, एक इनपुट. मोटरची ४१५ व्होल्टची लाइन थेट बोर्डाच्या जवळपास पण न्यायची नाही, हे काम वायरमनकडून करून घ्या. स्क्रीन नाही, आवाज नाही, कॅमेरा नाही, ब्लूटूथ नाही. ही यादी झाली की अर्धं कॉन्फिगरेशन झालंच समजा.

पॉवर १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, चांगल्या कन्व्हर्टरनं ५ व्होल्ट करून. पाय ३ ला ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा सप्लाय सांगितलेला आहे आणि डोंगल टॉवर शोधायला लागला की करंट एकदम ओढतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की अंडर-व्होल्टेजची नोंद होते. अर्ध्याअधिक लोकांचा 'कर्नल हँग होते राजेहो' हा प्रॉब्लेम खरं म्हणजे बारीक वायरचा असतो, तो मेनूत सापडणार नाही.

सोर्स आणि सामान

कर्नल पायवर कंपाइल करू नका, तासन्‌तास जातात आणि बोर्ड तापतो. लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन असेल तर बेस्ट. विंडोजवर डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, चालतं पण सोर्स लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच उतरवा, सी ड्राइव्हवर नाही, कारण कर्नलच्या झाडात, म्हणजे सोर्सच्या फोल्डरांत, फक्त स्मॉल-कॅपिटलच्या फरकानं वेगळ्या अशा फायली आहेत आणि विंडोज त्यांना एकच समजतं, मग बिल्ड कुठंतरी मध्येच विचित्र कारणानं फुटतं.

पॅकेज लागतात ती अशी: गिट, बीसी, बायसन, फ्लेक्स, मेक, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह आणि क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४. शेवटचं म्हणजे इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएमसाठी कोड बनवणारा कंपायलर.

सोर्स रास्पबेरी पायच्या स्वतःच्या गिटहब झाडातून घ्या, ब्रँच आरपीआय-६.१२.वाय. ६.१२ नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आणि ते लाँगटर्म आहे म्हणजे दुरुस्त्या येत राहतात. गिट क्लोन करताना डेप्थ १ द्यायचंच, नाहीतर सगळा इतिहास उतरतो. आणि गिट क्लोन मध्येच तुटलं तर जिथं थांबलं तिथून पुढं चालू होत नाही, पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून गावात रेंज नाचत असेल तर तालुक्याच्या ठिकाणी कोणाच्या तरी वायफायवर बसून हे एकदाच उरकून घ्या. डिस्कवर दहा-पंधरा जीबी मोकळी ठेवा.

सुरुवातीचं कॉन्फिग

सोर्सच्या फोल्डरमध्ये गेल्यावर पहिल्यांदा दोन व्हेरिएबल एक्सपोर्ट करा, एआरसीएच म्हणजे एआरएम६४, आणि क्रॉस_कंपाइल म्हणजे एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- , शेवटची आडवी रेघ धरून. ती रेघ लय जण विसरतात. मग मेक बीसीएम२७११_डेफकॉन्फिग, म्हणजे बोर्डासाठी आधीच ठरवलेलं सुरुवातीचं कॉन्फिग. नाव पाय ४ चं वाटतं, पण ६४ बिटला पाय ३, झीरो २ डब्ल्यू आणि ४, तिघांना हेच चालतं. ३२ बिटवर असाल तर पाय ३ ला बीसीएम२७०९ चं आणि जुन्या झीरोला बीसीएमआरपीआय चं, तेव्हा कंपायलर पण वेगळा.

आता मेक मेन्यूकॉन्फिग. निळी स्क्रीन येईल, वरच्या ओळीत लिनक्स, मग तिरकी रेघ, मग एआरएम६४ असं लिहिलंय का ते दर वेळी बघा. तिथं एक्स८६ दिसलं तर नवीन टर्मिनल उघडून एक्सपोर्ट राहिलेलं आहे, काही सेव्ह न करता बाहेर पडा, नाहीतर बनवलेलं कॉन्फिग लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी उलटंपालटं होतं.

मेनूत तीन अवस्था. तारा म्हणजे वाय, ड्रायव्हर कर्नलच्या पोटात. एम म्हणजे मॉड्यूल, कार्डावरून नंतर लोड होणार. रिकामं म्हणजे नाही. तिरकी रेघ दाबली की सर्च उघडतो, ऑप्शनचं नाव टाकलं की तो कुठं आहे, कशावर अवलंबून आहे ते दिसतं, आणि बाजूचा आकडा दाबला की थेट तिथं नेतो. एखादा ऑप्शन मेनूत दिसतच नसेल तर तो गायब नसतो, त्याचा वरचा कोणीतरी बंद असतो, सर्चमधली 'डिपेंड्स ऑन' ची ओळ वाचा. डोकं खाजवत मेनू धुंडाळण्यापेक्षा हे शंभर पटीनं सोपं.

पहिलं काम, जनरल सेटअपमध्ये लोकल व्हर्जन. तिथं आडवी रेघ देऊन आपलं नाव टाका, समजा -वावर. याच नावानं मॉड्यूलचा वेगळा फोल्डर तयार होतो, त्यामुळं कंपनीच्या कर्नलचे मॉड्यूल जसेच्या तसे राहतात. तिथंच आयकेकॉन्फिग आणि त्याचा प्रॉकवाला भाऊ, दोन्ही वाय करा, म्हणजे सहा महिन्यांनी चालू मशीनमधूनच तिचं कॉन्फिग वाचता येतं.

पोटात काय पाहिजे

कर्नल उठल्यावर त्याला रूट पार्टिशन, म्हणजे कार्डावरचं सिस्टिम असलेलं पार्टिशन, वाचायचं असतं. ते वाचायचा ड्रायव्हर जर मॉड्यूल असेल आणि मॉड्यूल त्याच पार्टिशनवर असतील तर उघडणार कसं? किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखंच झालं. म्हणून ईएक्सटी४, आणि एमएमसी सपोर्टखाली ब्रॉडकॉम २८३५ चे जे ड्रायव्हर दिसतील ते, सगळे वाय. पायच्या डेफकॉन्फिगमध्ये ते तसे असतात, फक्त साफसफाईच्या नादात हलवू नका. बूटच्या वेळी कर्नलला सूचना देणाऱ्या कमांडलाइनच्या फायलीत रूट हे पार्टयूयूआयडी नं, म्हणजे पार्टिशनच्या ओळख नंबरानं, दिलेलं असतं, तेही तसंच राहू द्या, कारण ते कर्नलला स्वतःला कळतं. नुसतं फाइलसिस्टिमचं यूयूआयडी दिलं तर ते शोधायला इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी तात्पुरती सिस्टिम, लागतं आणि आपण ते या भानगडीतून बाहेर ठेवतोय.

मग घड्याळ. पाय ३ ला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नाही, लाइन जाऊन आली आणि नेट नसलं की तो जुन्याच वेळेवर उठतो, आणि मग मोटर रात्री २ ला चालू झाली का दुपारी, हे नोंदीवरून कळतच नाही. डीएस३२३१ चा ड्रायव्हर मेनूत त्या नावानं शोधत बसू नका, तो डीएस१३०७ च्या ड्रायव्हरमध्येच आहे. आरटीसी_डीआरव्ही_डीएस१३०७ वाय करा आणि सोबत आय२सी_बीसीएम२८३५ पण वाय करा, घड्याळ ज्या आय२सी बसवर, म्हणजे डेटाच्या लाइनवर, जोडायचं तिचा हा ड्रायव्हर. बसचा ड्रायव्हर मॉड्यूल आणि घड्याळाचा पोटात असं ठेवलं तर बस येईपर्यंत घड्याळ वाट पाहत बसतं आणि सुरुवातीच्या नोंदी चुकीच्या वेळेच्या पडतात. आरटीसी_एचसीटीओएसवायएस वाय आहे ना तेही बघा, उठल्यावर सिस्टिमची वेळ घड्याळातून घेणारा तोच. नंतर बूट पार्टिशनवरच्या कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१ ही ओळ (ओव्हरले म्हणजे बोर्डाला नवीन काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल), आणि घड्याळ नसताना जुनी वेळ देणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक पॅकेज काढून टाका. घड्याळाचा बोर्ड ३.३ व्होल्टच्या पिनलाच जोडा. ५ व्होल्टला जोडला तर त्यावरचे पुल-अप रेझिस्टर पायच्या पिनवर ५ व्होल्ट नेतात, शिवाय बाजारात मिळणाऱ्या निळ्या बोर्डांवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, ते साध्या सीआर२०३२ ला ५ व्होल्टवर चार्ज करत बसतं आणि उन्हाळ्यात तो सेल फुगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मशीन मेली तर काय. कर्नल पॅनिक झालं, म्हणजे सावरता न येणारी चूक होऊन कोसळलं, की डिफॉल्टनं ते तसंच थांबून राहतं, कायमचं. टेबलावर ते ठीक, स्क्रीनवरचा एरर वाचता येतो. वावरात तो एरर कोण वाचणार आहे? कर्नल हॅकिंगमध्ये, ऊप्स आणि लॉकअपच्या पोटमेनूत, पॅनिक टाइमआउट १० करा, म्हणजे १० सेकंदांनी स्वतःच रीबूट. तिथंच पॅनिक_ऑन_ऊप्स पण वाय, कारण ऊप्स, म्हणजे पॅनिकपेक्षा लहान चूक, झाल्यावर कर्नल अर्धमेलं चालत राहतं, पिंग लागतो पण नोंद होत नाही, त्यापेक्षा सरळ पडून उठलेलं बरं.

पॅनिक पण न होता नुसतंच गोठलं तर त्याला वॉचडॉग. डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये वॉचडॉग टायमर, त्यात बीसीएम२८३५_डब्ल्यूडीटी, वाय. हा चिपमधलाच काउंटर आहे, साधारण १५ सेकंदांचा, कोणी वेळेवर रीसेट केला नाही की बोर्डाला झटका देऊन उठवतो. त्याला रीसेट करत राहायचं काम सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिस चालवणारा मुख्य प्रोग्राम, करतं, सिस्टिम डॉट कॉन्फ मध्ये रनटाइमवॉचडॉगसेक १० करा. पण हे फक्त कर्नल आणि सिस्टमडी जिवंत आहेत का एवढंच बघतं, तुमची पायथनची स्क्रिप्ट झोपली तर त्याला काही घेणंदेणं नाही. तिच्यासाठी सर्व्हिसच्या फाइलमध्ये रीस्टार्ट=ऑलवेज वेगळं लावा.

मॉड्यूल चालतील असे

सेन्सरसाठी डब्ल्यू१, डब्ल्यू१_मास्टर_जीपीआयओ आणि डब्ल्यू१_स्लेव्ह_थर्म, तिन्ही एम ठेवले तरी चालतं. ओव्हरले डब्ल्यू१-जीपीआयओ, डिफॉल्ट पिन जीपीआयओ ४, डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. वायर पार धुऱ्यापर्यंत नेली तर सेन्सर कधी दिसतो कधी नाही, तेव्हा कर्नलला दोष देऊ नका, रेझिस्टर थोडा कमी करून बघा, सेन्सरला तिसरी वायर देऊन पूर्ण पॉवर द्या. १२ बिटवर एका मोजणीला पाऊण सेकंद लागतो, दर सेकंदाला वाचायचा हट्ट नको.

डोंगलचं जरा किचकट आहे, कारण बाहेरून सारखे दिसणारे डोंगल आतून वेगवेगळे निघतात. काही स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणून दाखवतात, त्यांना सीडीसी ईथर किंवा आरएनडीआयएस होस्ट लागतं. काही जुन्या पद्धतीचे मोडेम असतात, त्यांना यूएसबी सीरियलमधला ऑप्शन नावाचा ड्रायव्हर, हो, ड्रायव्हरचं नावच ऑप्शन आहे, आणि क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन. चारही एम करून ठेवा, उद्या डोंगल बदलला तर परत कंपाइल करायची पाळी नको. घातल्यावर तो सीडीसारखा दिसला तर यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाका.

रास्पबेरीपाय_एचडब्ल्यूमॉन कोणी काढू नका. लहानसा आहे, पण अंडर-व्होल्टेजचा मेसेज डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, टाकणारा तोच. बॅटरी उतरली का हे घरबसल्या कळायचा स्वस्तातला मार्ग.

काय काढायचं आणि काय उगाच काढू नये

साउंड, मीडिया म्हणजे कॅमेरा आणि टीव्ही ट्यूनर, ब्लूटूथ, हौशी रेडिओ, जॉयस्टिक, बीटीआरएफएस आणि एक्सएफएस, हे काढले की बिल्डचा वेळ चांगला कमी होतो, फायदा मुख्य तोच. ग्राफिक्स काढले तर कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये जीपीयू_मेम १६ करा, रॅम तिथं वाचते, कर्नलमधून नाही.

हाताने काढायचा कंटाळा आला तर लोकलमॉडकॉन्फिग आहे. पायवर सगळं सामान जोडून, डोंगल, सेन्सर, घड्याळ, सगळं एकदा चालू करून एलएसमॉडचं आउटपुट, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलची यादी, फाइलमध्ये घ्या, ती लॅपटॉपवर आणा, आणि मेक एलएसमॉड=फाइलचा पत्ता लोकलमॉडकॉन्फिग करा. त्या क्षणी लोड नसलेलं प्रत्येक मॉड्यूल ते बंद करतं, म्हणजे पेन ड्राइव्ह जोडलेला नव्हता तर तोही गेला. म्हणून एलएमसी_कीप या व्हेरिएबलमध्ये ड्रायव्हर्स/यूएसबी आणि ड्रायव्हर्स/नेट/यूएसबी, मध्ये कोलन देऊन टाका, ते फोल्डर शाबूत राहतात.

प्रिंटके, सीरियल कन्सोल, मॅजिक सिसआरक्यू, ही कर्नलचे मेसेज बघायची आणि अडकलेल्या कर्नलला हुकूम द्यायची साधनं, 'एम्बेडेडला नको' म्हणून काढायचा सल्ला कुठंकुठं वाचायला मिळतो. काढू नका. एका एमबीसाठी आंधळं कोण होईल? आणि रिअल-टाइमचा प्रीएम्प्ट_आरटी ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आला म्हणून तो लावायचा मोह पण होतो, पण मिनिटातून एकदा तापमान वाचायला मायक्रोसेकंदांचा हिशोब कायले पाहिजे.

उन्हाळ्याचं मात्र करा. सीपीयू फ्रिक्वेन्सीमध्ये डिफॉल्ट गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा, पॉवरसेव्ह. पाय ३ मग ६०० मेगाहर्ट्झवर राहतो, आपल्या कामाला भरपूर आहे. नाहीतर चिप ८० डिग्रीच्या वर गेली की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि टिनाखाली दुपारी ते व्हायला वेळ लागत नाही. डब्बा पांढरा, सावलीत, खाली-वर भोकं आणि भोकांना जाळी, नाहीतर मुंग्या आणि पाली घर करतात.

बिल्ड आणि कार्डावर टाकणं

मेक -जे आणि कोर जेवढे तो आकडा, मग इमेज मॉड्यूल्स डीटीबीएस. लॅपटॉपप्रमाणे पंधरा मिनिटं ते तास-दीड तास. लॅपटॉपची बॅटरी बसलेली असेल तर लाइन जायच्या आत लावा, तशी मध्येच गेली तरी तीच कमांड परत दिली की झालेलं सोडून पुढचं करतं.

कार्ड रीडरमध्ये लावून दोन्ही पार्टिशन माउंट करा. मॉड्यूल ईएक्सटी४ वाल्यावर जातात, मेक इन्स्टॉल_मॉड_पाथ=माउंटचा पत्ता मॉड्यूल्स_इन्स्टॉल, सुडो लावून. नुसतं सुडो लावलं तर आधी एक्सपोर्ट केलेलं पुढं जात नाही, म्हणून सुडो -ई, कॅपिटल ई.

कर्नल टाकायची पद्धत म्हणून बहुतेक जण जुन्या कर्नल८.आयएमजी वरच नवीन कॉपी करतात. तसं नका करू. बूट पार्टिशनवर वावर नावाचा फोल्डर बनवा, त्यात इमेज फाइल कर्नल८.आयएमजी या नावानं, ब्रॉडकॉम फोल्डरमधल्या डीटीबी फायली (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या), ओव्हरलेज नावाचा फोल्डर त्यातल्या रीडमी सकट, आणि कमांडलाइनच्या फायलीची कॉपी. मग कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये एकच ओळ, ओएस_प्रीफिक्स=वावर/ , शेवटची तिरकी रेघ विसरायची नाही. फर्मवेअर आता सगळं या फोल्डरातून उचलतं. फोल्डरात कर्नल किंवा डीटीबी सापडली नाही तर प्रीफिक्स सोडून देऊन जुन्यावर जातं, आणि नवं कर्नल बिघडलं तर ओळीपुढं हॅश टाकला की जुनं परत. कार्ड मोबाइलला ओटीजीनं लावून पण ही ओळ बदलता येते, कारण बूट पार्टिशन फॅट३२ आहे. अपडेटनं कंपनीचं कर्नल बदललं तरी आपल्या फोल्डरला धक्का लागत नाही.

घरीच तपासा

पहिलं बूट सीरियल वायर लावूनच. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल, पिन ६ ग्राउंड, ८ पायचा टीएक्स, १० आरएक्स, टीएक्स समोर आरएक्स अशी उलटी जोडणी, त्याची ५ व्होल्टची वायर मोकळी सोडा. कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये इनेबल_यूएआरटी=१, लॅपटॉपवर स्क्रीन कमांड, स्पीड १,१५,२००. 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असं दिसून पॅनिक झालं, किंवा 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' वर अडकून राहिलं, तर त्याच्या वर कार्डाच्या पार्टिशनची यादी छापली आहे का बघा. यादी नसेल तर एमएमसीचा ड्रायव्हर राहिला, यादी आहे तर ईएक्सटी४ किंवा पार्टयूयूआयडी मध्ये गडबड. काहीच अक्षर नाही आलं तर आधी वायर.

उठल्यावर यूनेम -आर मध्ये -वावर दिसलं पाहिजे. मग नेट काढून, पॉवर काढून, दहा मिनिटांनी लावून वेळ बरोबर येते का बघा. मग मुद्दाम पाडून बघायचं: सिंक करा आणि रूट होऊन प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फायलीत सी हे अक्षर लिहा. कर्नल तिथंच कोसळतं आणि १० सेकंदांनी उठलं पाहिजे. उठलं, तर सिसकंट्रोलनं कर्नल.पॅनिक ० करून परत पाडा, आता पॅनिकवाला रीबूट बंद आहे म्हणून वॉचडॉगनं उठवलं पाहिजे. ही दुसरी टेस्ट कोणीच करत नाही आणि वॉचडॉग चालू आहे असं समजून निवांत राहतात.

सगळं पास झालं की रूट पार्टिशन एफएसटॅबमध्ये, म्हणजे पार्टिशन कशी माउंट करायची ते सांगणाऱ्या फायलीत, रीड-ओन्ली करा, लॉग आणि टेंपसाठी रॅममधलं टीएमपीएफएस, आणि नोंदींसाठी वेगळं छोटं पार्टिशन. लाइन जाताना लिहिणं चालू असलं तर खराब होईल ते एवढंच पार्टिशन, मशीन तरी उठेल.

शेवटी मेक सेव्हडेफकॉन्फिग. डेफकॉन्फिग नावाची लहानशी फाइल मिळते, पूर्ण कॉन्फिगच्या हजारो ओळींऐवजी फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळं असलेलं. ती मेलवर स्वतःला पाठवून ठेवा. वर्षातून दोनदा, एकदा पेरणीच्या आधी आणि एकदा संत्र्याच्या आंबिया बहारासाठी बागेला दिलेला पाण्याचा ताण सोडायच्या आधी, त्याच ब्रँचचा नवा सोर्स घ्या, ती फाइल डॉट कॉन्फिग म्हणून ठेवून मेक ओल्डडेफकॉन्फिग करा, स्क्रिप्ट्स मधल्या डिफकॉन्फिगनं जुन्या पूर्ण कॉन्फिगशी ताडून बघा काय बदललं. नवं कर्नल वावर२ नावाच्या फोल्डरात टाका, लोकल व्हर्जन पण -वावर२ करा, आणि जुना फोल्डर पुढच्या फेरीपर्यंत कार्डावरच राहू द्या.